उघड्या मांडवातली हळद

नारपोलीत मांडव सांगायला कोणी नवखा माणूस आला, की तो आधी यादवशी बोलायला लागतो. यादव दारातल्या खुर्चीत बसलेला असतो, कुबडी भिंतीला टेकवलेली आणि मांडीवर दोरीचं भेंडोळं. तो सगळं ऐकून घेतो, समोरच्या टपरीवरून चहा मागवतो आणि मग आत हाक मारतो, "बकुळे, बाहेर ये. पार्टी आलीय." पदराला हात पुसत बकुळा बाहेर येते आणि जागा केवढी, जमीन मुरमाची की मातीची, अंगणात झाड आहे का, विजेच्या तारा कुठून गेल्यात, असं एकेक विचारायला लागते. तेव्हा कुठे त्या माणसाच्या लक्षात येतं, की मांडव या बाईचा आहे.

सुरुवातीपासून तो तिचा नव्हता. बकुळा शेलार गावची. वडील लूमवर ड्युटी करायचे आणि घरी आई आणि मुली मिळून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या. सुताचा बारीक कापूस केसांत, पापण्यांवर, भाकरीच्या पिठात, सगळीकडे असायचा. दहावी झाल्यावर तिचं लग्न नारपोलीच्या यादवशी लागलं. यादवकडे तेव्हा थोडे बांबू, काही ताडपत्र्या आणि एक हातगाडी होती. बारसं असो, जयंती असो, कोणाचा साखरपुडा असो, तो हातगाडी ओढत जायचा आणि मांडव घालून यायचा. बकुळा घरी शिवणयंत्रावर झालरी शिवायची. हळूहळू बांबू गेले, लोखंडी पाइप आले. हातगाडी गेली, टेम्पो आला. मुलगा सुमित मोठा झाला, पण त्याला उन्हातान्हातलं हे काम नको होतं. तो वळ गावच्या एका मोठ्या गोदामात शिफ्टला लागला, आणि यादवनेही त्याला कधी अडवलं नाही.

मग काही वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, यादव पडला. खाडीकाठच्या एका गावात त्याचा मांडव उभा होता. दिवसभर अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या, पान हलत नव्हतं. अचानक वारा सुटला आणि मांडवाचं छत शिडासारखं फुगलं. पाहुणे पळाले. यादव मात्र कोपऱ्यातली दोरी धरून लोंबकळला, कारण आपल्या वजनाने छत खाली राहील असं त्याला वाटलं. वाऱ्याने छत उचललं, छताने पाइप उचलला आणि पाइपाबरोबर यादवही उचलला गेला. तो खाली आला तो कमरेवर. खुब्याचं हाड मोडलं. दवाखाना झाला, ऑपरेशन झालं, तो चालायलाही लागला, पण शिडीवर चढणं संपलं.

यादव अंथरुणावर असताना पुढची कामं ठरलेली होती. नाही म्हणून सांगायला कोणाकडे जायचं, या विचारात बकुळा एक रात्र बसली आणि सकाळी यादवचा फुल बाह्यांचा शर्ट साडीवर चढवून टेम्पोत जाऊन बसली. तुळशीराम नावाचा यादवचा जुना माणूस बरोबर होता. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही खाली थांबा, काय पाहिजे ते सांगा." ती खाली थांबली ती पहिल्या मांडवापुरती. दुसऱ्या मांडवाला शिडीवर होती.

त्यानंतर तिने एक नियम केला आणि तो कोणाला बोलून दाखवला नाही. मोबाइलवर हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा आला, वादळी वारा असं त्यात लिहिलेलं असलं, की ती छत बांधायची नाही. बांधलेलं असलं तर उतरवायची. बाजूच्या कनाती राहू देत, खांब राहू देत, वरचं कापड नको. आकाश वाचायची विद्या आपल्याला येते असं तिने कधी म्हटलं नाही. ढग बघून पाऊस सांगणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती आणि त्यातली निम्मी चुकलेलीही पाहिली होती. यादव पडला त्या दिवशीही दुपारी मेसेज आलेला होता. तो कोणी उघडलाच नव्हता, एवढंच.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात वळच्या रामनाथशेठच्या घरची हळद तिच्याकडे आली. रामनाथची शेती कधीच गोदामांखाली गेली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्या पत्र्याच्या शेड होत्या, घर तीन मजली होतं. धाकटा मुलगा मितेश याचं लग्न होतं. लग्न हॉलवर, पण हळद घरच्या अंगणात. हळद अंगणातच लागली पाहिजे, हे रामनाथच्या आईने, गोदूबाईंनी, ठरवलेलं होतं. गोदूबाईंचा शब्द त्या घरात खाली पडत नसे.

मांडव झाला सुरेख. पिवळ्या कापडाचं मोठं छत, मधोमध झुंबर, छतातून खाली सोडलेल्या झेंडूच्या माळा, आणि त्या माळांच्या मध्ये नवरदेवाचा पाट. रामनाथ आदल्या संध्याकाळी येऊन मान वर करून बराच वेळ बघत उभा राहिला. "बाई, काम बाकी तू चोख केलंस," तो म्हणाला. बकुळा हसली.

तो सगळा आठवडा उकाड्याचा होता. खाडीवरून येणारी हवा भिजलेल्या फडक्यासारखी अंगाला चिकटायची. रात्रीसुद्धा भिंती गरम असायच्या. लाइट जायची, लूम बंद पडायचे, माणसं गल्लीत खाटा टाकून बसायची. रोज दुपारी पूर्वेला डोंगराच्या बाजूला ढग चढायचे, कापसाच्या गाठी रचल्यासारखे, आणि रोज संध्याकाळी विरून जायचे. मोबाइलवर रोज तोच मेसेज यायचा. ठाणे जिल्ह्यात उष्ण आणि दमट हवामान, तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि सोसाट्याचा वारा. यलो अलर्ट. लोकांनी तो वाचणं सोडून दिलं होतं. यादव म्हणायचा, "हे तुरळक ठिकाण म्हणजे नेमकं कुठलं, हे एकदा सांगा म्हणावं."

यलो अलर्टला बकुळा छत ठेवायची, फक्त डोळा ठेवून असायची. हळदीच्या दिवशी दुपारी ती अंगणात झुंबराची वायर तपासत होती तेव्हा फोन वाजला. या वेळी यलोच्या वरचा, ऑरेंज अलर्ट होता. रात्रीपर्यंत वारा जोराचा, उघड्यावर थांबू नका, कच्च्या आडोशाखाली उभे राहू नका. तिने तो मेसेज दोनदा वाचला. मग बाहेर येऊन पूर्वेकडे पाहिलं. ढग होते, पण कालच्यासारखेच होते. वारा नव्हता. अंगणातल्या आंब्याचं पान स्थिर होतं.

एवढं मोठं छत उतरवायला तास-दीड तास लागायचा. झुंबर आधी काढायचं, माळा सोडायच्या, मग कापडाची एकेक गाठ. वारा आला आणि मग उतरवायला घेतलं असं चालत नसे. ठरवायचं तर आत्ताच ठरवायला हवं होतं.

ती रामनाथकडे गेली. तो व्हरांड्यात केटररशी बोलत होता.

"शेठ, छत खाली घ्यायला लागेल."

रामनाथला आधी कळलंच नाही. "काय फाटला काय?"

"फाटलं नाही. ऑरेंज अलर्ट आलाय. वारा येणार म्हणतात. मी छत ठेवणार नाही."

रामनाथने केटररकडे पाहिलं, मग आकाशाकडे, मग तिच्याकडे. "रोज मेसेज येतंय बाई. रोज कोन मांडव सोडतंय? सांजच्याला पावणे येनार, सगली भावकी येनार. हलद हाय माज्या पोराची. झुंबर न्हाय, माला न्हाय, नुसते खांब उभे ठेवू?"

"पाऊस आला तर बाजूचं गोदाम रिकामं आहे. माणसं तिकडे जातील. खांब मजबूत आहेत, त्यांना वारा काही करत नाही. कापडाला करतो."

"पन वारा हाय कुठं?"

ती म्हणाली, "आत्ता नाही."

"मग?"

"येईल की नाही ते मला माहीत नाही, शेठ. मेसेज आलाय एवढं माहीत आहे. मांडव माझा आहे. खाली माणसं तुमची आहेत."

रामनाथचा आवाज चढला. तो वाईट माणूस नव्हता, पण घरातलं शेवटचं कार्य होतं, आणि महिनाभर त्याने लोकांना आपल्या मांडवाचं वर्णन करून सांगितलं होतं. हे असं करायचं असेल तर पुढच्या वेळी दारात उभी करणार नाही, असं तो म्हणाला. "नका करू," बकुळा म्हणाली. ती हे शांतपणे म्हणाली खरी, पण अंगणात परत येताना मनात कामांचा हिशेब चालू होता. रामनाथच्या भावकीतल्या सगळ्या घरांची कामं तिच्याकडेच असायची.

आतल्या खोलीच्या खिडकीशी गोदूबाई बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी बकुळाला हात केला.

"काय गो, वारा येवाचा हाय?"

"येईल असं म्हणतात, आई. मी खात्री नाही देत."

गोदूबाईंनी थोडा विचार केला. "मना मांडवात बसवनार हायेत सगल्यांच्या आधी. माजे पाय असे. पलाला जमाचं न्हाय." त्यांनी वर छताकडे बोट केलं. "सोड तू. रामनाथला मी बघतंय."

बकुळाने तुळशीरामला शिडी लावायला सांगितली. तुळशीरामने शिडी लावली, पण त्याच्या तोंडावर नाराजी स्पष्ट होती. आदल्या दिवशी खपून बांधलेल्या माळा तो एकेक सोडत होता आणि खाली बघत नव्हता. झुंबर उतरलं. पिवळं कापड एका बाजूने सैल झालं आणि अंगणात लख्ख ऊन आलं.

तेवढ्यात यादवचा फोन आला. रामनाथने त्याला फोन केला असणार, हे तिला न सांगता कळलं.

"बकुळे, काय चाललंय? रामनाथशेठ चिडलेत. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक आहे. परत बांध ते."

"ऑरेंज अलर्ट आहे."

"अगं, अलर्ट रोज असतो. इथे नारपोलीत बघ, पान हलत नाहीये. उगाच नाव खराब होईल आपलं."

शिडीवर एक पाय, खांद्यावर कापडाची कड, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरलेला, अशी ती उभी होती. "तुम्ही या मग," ती म्हणाली, "आणि तुम्ही बांधा."

पलीकडून फोन बंद झाला.

बोलून गेली आणि तिला लगेच वाईट वाटलं. यादव पडल्यापासून कोणत्याच मांडवावर आलेला नव्हता. दोऱ्या ओवायचा, हिशेब बघायचा, फोन घ्यायचा, पण टेम्पो निघाला की आत जाऊन पडायचा. त्याला शिडी दाखवल्यासारखं बोलायला नको होतं. पण हातातलं काम अर्धं होतं. तिने फोन कमरेला खोचला आणि पुढची गाठ सोडायला घेतली.

दिवेलागणीला पाहुणे येऊ लागले. अंगणात नुसते खांब, बाजूला कनाती आणि वर उघडं आभाळ. बायका आत येताना वर बघायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. कोणीतरी विचारलं, "मांडव अर्धाच कंसा?" रामनाथने हात झटकला. "आमच्या मांडववाल्या बाईला वाऱ्याचा मेसेज आलाय," तो मोठ्याने म्हणाला, आणि जे हसायचे ते हसले. बकुळा कनातीबाहेर टेम्पोजवळ उभी होती. तिला ते ऐकू आलं.

हळद सुरू झाली. गोदूबाईंना पहिल्या खुर्चीत बसवलं. बायकांनी गाणी धरली, बँडवाला तालात आला, मितेशच्या गालांना, हातांना, पायांना हळद लागत गेली. हवा इतकी दमट होती की हळद वाळत नव्हती. पंख्यांचा वारासुद्धा गरम येत होता. पूर्वेला ढगांच्या पोटात वीज चमकायची, आवाज मात्र यायचा नाही. प्रत्येक चमकेला बकुळा तिकडे बघायची. आपण वादळाची वाट पाहतोय की काय, असं तिला एकदा वाटलं, आणि ते तिला आवडलं नाही. वादळ यावं असं तिला वाटत नव्हतं. पण ते आलं नाही तर काय, हेही सुचत नव्हतं.

रस्त्यावर एक रिक्षा थांबली. आधी कुबडी खाली आली, मग यादव उतरला. ती पुढे झाली, पण त्याने हाताने थांब म्हटलं आणि स्वतःच चालत आला. कनात बाजूला करून त्याने आत पाहिलं. उघडे खांब, वर न बांधलेलं आभाळ, खाली पिवळी झालेली माणसं. तो एका खांबाजवळ गेला, खालच्या मेखेची दोरी हाताने चाचपली, ओढून पाहिली. मग टेम्पोशेजारी उलट्या ठेवलेल्या ड्रमवर येऊन बसला.

"चहा घेणार?" तिने विचारलं.

"दे."

तिने केटररकडून दोन कप आणले. आत गाणं बदललं.

"मी फोनवर तसं बोलायला नको होतं," ती म्हणाली.

यादवने कपाच्या कडेवरून मांडवाकडे पाहिलं. "मी सांगायला आलो होतो की परत बांध. रिक्षात बसलो तेव्हा तेच मनात होतं. आत पाहिलं आणि वर कापड दिसलं नाही. बरं वाटलं मला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत तो त्या संध्याकाळबद्दल कधी बोलला नव्हता. कोणी विचारलं तर नशीब म्हणायचा आणि विषय बदलायचा.

"त्या दिवशी दोरी सोडून द्यायला पाहिजे होती," तो म्हणाला. "कापड गेलं असतं. कापडच होतं ते."

थोड्या वेळाने वारा आला. आंब्याची फांदी एकदम वाकली, अंगणातली धूळ उठली, पत्रावळी उडाल्या. बायकांनी पदर तोंडावर घेतले. बँड थांबला. सगळी माणसं, खरोखर सगळी, कनातीच्या फटीतून बकुळाकडे बघायला लागली. रामनाथही वळला. ती उठून उभी राहिली, तुळशीराम खांबाकडे धावला. कनाती फडफडल्या. आणि मग, सुरू झाला तसाच, वारा पडला. धूळ खाली बसली. पावसाचे चार थेंबसुद्धा नाहीत. ढग उत्तरेकडे सरकला आणि डोक्यावर चांदणं दिसायला लागलं.

एवढा वारा छताने सहज झेलला असता. हे बकुळाला कळत होतं, तुळशीरामला कळत होतं, यादवलाही कळत होतं.

बँड पुन्हा सुरू झाला. वाऱ्याने हवा थोडी हलकी झाली होती, आणि माणसं त्यामुळे नाचायला उठली. मितेशने आजीला खुर्चीसकट उचलून मध्ये आणलं. गोदूबाई मान मागे टाकून वर बघत होत्या. कोणाला तरी त्या म्हणाल्या, "किती वरसांनी हलदीत चांनन्या बघतंय." तेवढं सोडलं तर मांडवाबद्दल कोणी चांगलं बोललं नाही. जेवणाच्या पंगतीतून "मेसेज" हा शब्द अधूनमधून ऐकू येत होता आणि त्यामागून हसू.

सकाळी बकुळा खांब काढायला आली. रामनाथ अंगणात दात घासत उभा होता. तो चूळ भरून जवळ आला. रात्रीचा राग उतरलेला होता, पण गोष्ट तो विसरलेला नव्हता.

"वारा न्हाय आला, बाई."

"नाही आला."

"तिकडं वाडा तालुक्याच्या बाजूला आला बोलतात. आपल्याकडं न्हाय. तू चुकलीस."

"हो शेठ. काल चुकले."

त्याला वाटलं होतं ती कारणं सांगेल. तो जरा गोंधळला. "आनि उद्या परत असाच मेसेज आला तर?"

"परत सोडेन."

"पावणे हसले माज्याकडं बघून."

"मला माहीत आहे. मी ऐकलं. झुंबराचं आणि माळांचं तुम्ही देऊ नका. ते मी लावलंच नाही असं धरा."

रामनाथ आत गेला. लग्नानंतर घरात सत्यनारायणाची पूजा होती. त्या पूजेचा मांडव दुसऱ्याच कोणीतरी घातला. बकुळाला ते गावातल्या एका टेम्पोवाल्याकडून कळलं. तिने मान हलवली आणि हातातली झालर शिवत राहिली. मनाला लागलं नाही असं नाही. दोन दिवस ती घरात कमी बोलली.

वादळ वळ गावात आलं ते त्यानंतर, एका भर दुपारी. नारपोलीत तेव्हा नुसता गडगडाट ऐकू आला. संध्याकाळी यादवच्या फोनवर रामनाथचा फोन आला. यादवने स्पीकर लावला.

"यादव, आज आला बघ," रामनाथ म्हणाला. "वारा. गोदामाचा एक पत्रा उचलला आनि पार रस्त्याच्या पल्याड टाकला. आमचा आंबा अर्धा मोडला. मी शटर धरून उभा व्हतो."

"कोणाला लागलं तर नाही ना?" बकुळाने विचारलं.

"न्हाय. कोनी न्हवता अंगनात. तेच सांगाला फोन केला."

फोन ठेवल्यावर यादव तिच्याकडे बघून हसला. ती म्हणाली, "हसताय काय? हळदीच्या दिवशी नव्हता आला. ते आपलं चुकलंच." तिला खरंच तसं वाटत होतं. आज वारा आला म्हणून तेव्हाची चूक बरोबर होत नव्हती. पण त्या रात्री ती पुष्कळ दिवसांनी गाढ झोपली.

यादवच्या डोक्यात मात्र वेगळंच चालू झालं होतं. ड्रमवर बसून उघड्या खांबांकडे बघता बघता त्याला एक विचार सुचला होता. बकुळाला इतक्या आधी ठरवावं लागतं, कारण छत उतरवायला वेळ लागतो. तेच छत पाच-दहा मिनिटांत खाली आलं तर तिला शेवटपर्यंत थांबता येईल. त्याने घरातल्या दाराचा पडदा काढला, त्याच्या रिंगा बघितल्या. मग बाजारातून मोठ्या रिंगा मागवल्या, बकुळाला छताच्या कडेला त्या शिवायला लावल्या आणि खांबांवरून तारा ओढल्या. खाली उभं राहून एक दोरी ओढली, की छत पडद्यासारखं एका बाजूला गोळा व्हायला हवं होतं. कोणी शिडीवर चढायचं नाही, कोणी दोरीला लोंबकळायचं नाही.

पहिली चाचणी घराच्या गल्लीतच झाली. सुमित शिफ्ट संपवून आला होता, तुळशीरामही आला. यादव खाली खुर्चीत बसून दोरी ओढू लागला. छत अर्ध्यापर्यंत छान सरकलं, मग एक रिंग अडकली, तार सुटली आणि सगळं पिवळं कापड यादवच्या अंगावर येऊन पडलं. आतून त्याचा आवाज आला, "बघा, उतरलं की नाही लवकर." बकुळा दारात बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. दुसऱ्यांदा तार नीट ताणली. चौथ्या-पाचव्या खेपेला छत सरळ सरकलं आणि तुळशीराम, जो सहसा काही बोलत नाही, तो म्हणाला, "हे त्या दिवशी पाहिजे होतं."

पुढच्या हंगामात त्या सरकत्या छतामुळे बरंच सोपं झालं. ऑरेंज अलर्ट असला तरी बकुळा छत ठेवायला लागली. फक्त दोरीजवळ एक माणूस बसायचा, आणि तो माणूस बहुतेक वेळा यादवच असायचा. टेम्पोत पुढच्या सीटवर बसून तो आता प्रत्येक मांडवावर जातो. पाहुणे जेवत असतात, गाणी चालू असतात, आणि तो खांबाशी खुर्ची टाकून, दोरीचं टोक हातात सैल धरून आभाळाखाली बसलेला असतो. पिंपळासच्या एका साखरपुड्याला त्याने ती दोरी खरोखर ओढली. वारा आला, छत बाजूला झालं, माणसं भिजली, कोणाला ओरखडासुद्धा उठला नाही. नवरीकडच्यांनी जरा कुरकुर केली, आणि मग भिजलेल्या कपड्यांत फोटो काढून घेतले.

वळच्या भावकीतली कामंही हळूहळू परत आली. आधी रामनाथच्या चुलतभावाकडचं बारसं, मग आणखी एक हळद. त्या हळदीचं ठरवायला आलेली बाई बकुळाला म्हणाली, "रामनाथभाऊंनी सांगितलंय तुमचं नाव."

"काय सांगितलं?" बकुळाने विचारलं.

बाईने हसू दाबलं. "म्हणाले, मांडव झकास घालते. पण वाऱ्याची बातमी लागली, की छप्पर घेऊन जाते, तेवढं आधीच मनात धरा."

"बरोबर सांगितलं," बकुळा म्हणाली, आणि अंगणात झाड आहे का ते विचारायला लागली.